डीप फ्रीजरमधला दीड महिना

अंथुर्ण्याच्या एका कोल्ड्रिंकवाल्याने दुकान बंद केलं, तेव्हा त्याचा डीप फ्रीजर मी घेतला. लाल रंगाचा, झाकणावर आइस्क्रीमच्या कोनाचं अर्धं खरवडलेलं चित्र. टेम्पोतून तो लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर उतरला तेव्हा शेजारच्या दोघी बघायला आल्या. त्यांना वाटलं, मी ब्लाउज शिवायचं सोडून आता आइस्क्रीम विकणार. "आइस्क्रीम न्हाय, यात सैपाक ठेवणार हाय. दीड महिन्याचा," मी म्हटलं. एकीने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

ताप नव्हता, पण राग भरपूर होता. त्या रागाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

मी बारावीला शास्त्र शाखेला होते. गावातून एसटीने बारामतीला जायचे. फेब्रुवारीत माझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. घरात वडील, दोन भाऊ आणि जेवायला असणारा एक गडी. भाकरी कोण करणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. मी पुस्तकं फडताळात ठेवली आणि चुलीपुढे बसले. पहिल्या पेपरच्या दिवशी मी परातीत पीठ मळत होते आणि माझी मैत्रीण माझं हॉलतिकीट हातात धरून रस्त्यावरून हाका मारत होती. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले नाही. मे महिन्यात माझं लग्न झालं आणि शाळा-कॉलेज हा विषय तिथेच मिटला. आई पुढे कितीतरी वर्षं जगली, माझ्यावर माया करत राहिली, पण तिच्यावरचा माझा राग काही गेला नाही. ती बिचारी बिछान्यावर पडून होती, तिचा काय दोष, हे मला कळत होतं. कळून राग जात असता तर काय पाहिजे होतं.

आता सव्वीस वर्षांनी माझंच पिशवीचं ऑपरेशन निघालं. रक्त फार जात होतं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, परातीपुढे तर बसायचंच नाही. आणि माझी एकुलती एक मुलगी नेमकी त्याच वर्षी बारावीला. तीही शास्त्र शाखेला, बारामतीत हॉस्टेलवर. तिचे पेपर आणि माझं ऑपरेशन एकाच महिन्यात आले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू आलं ते ऑपरेशनच्या भीतीने नव्हे. हे परत होणार, या भीतीने आलं.

आमच्या घरात माणसं मोजकी. नवरा, सासू, मी आणि ही मुलगी. सासूला मी आत्या म्हणते. त्यांचं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं, तेव्हापासून हात थरथरतो. चहा करतात, भात टाकतात, पण भाकरी थापणं बंद. नवरा उसात आणि म्हशींत हुशार. गॅसवर दूध ठेवलं तर मात्र ते उतू गेल्यावरच त्याला दिसतं.

माझी थोरली नणंद निरवांगीला दिलेली आहे. ऑपरेशनचं कळल्यावर ती भेटायला आली आणि चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळी झाली.

"पोरगी हाय की. बारामती काय लांब हाय? आणायची महिनाभर घरी. पेपरला जाईल हितनं."

"हितनं जाईल म्हंजी, वन्सं, पहाटं भाकऱ्या थापून जाईल?"

"मग? आमी न्हाय का केल्या?"

"केल्या की. मी बी केल्या. म्हणून तर सांगते, पोरीला यातलं कायबी कळवायचं न्हाय. ऑपरेशनचं सुदिक न्हाय."

नणंदेने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जमिनीकडे बघितलं. तो माणूस वाईट नाही. कुणी पुढे होऊन ठरवलं की त्याला बरं वाटतं, एवढंच. म्हणून मी ठरवलं.

दुसऱ्याच आठवड्यात फ्रीजर आला. शिवणकामाची खोली दारातच आहे, तिथे मशीनच्या शेजारी त्याला बसवला. श्रीखंडाचे रिकामे डबे, हॉटेलच्या पार्सलचे डबे, शेजारणींकडून मागून आणलेले डबे, असे पासष्ट जमले. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस मी एकही ब्लाउज हातात घेतला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, लग्नाचं असलं तरी थांबा.

पहिल्या दिवशी बटाट्याची भाजी करून बघितली. गोठून वितळल्यावर बटाट्याचं रबर झालं, म्हशीनेही तोंड फिरवलं. मग बटाटा बंद. मटकीची उसळ टिकली, शेंगदाण्याची आमटी टिकली, हुलग्याची शेंगोळी तर आधीपेक्षा बरी लागली. कांदा-खोबऱ्याचं वाटण मी मूठ मूठ पिशव्यांत भरलं. कोंबडीचा रस्सा रविवारसाठी. भाकरी गोठवली की तिचे तुकडे पडतात, म्हणून चपात्या अर्ध्याकच्च्या भाजून, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून रचल्या, आणि ज्वारीच्या कडक भाकरी पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या. अस्तराच्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या कापून प्रत्येक डब्यावर चिकटवल्या. सोमवार सकाळ, आमटी. सोमवार संध्याकाळ, मटकी. नवऱ्याला वाचता येतं, तेव्हा त्याला कुणाला विचारायचं काम राहिलं नव्हतं.

आत्या आठही दिवस खोलीच्या उंबऱ्यात बसून होत्या. काम बघायला नव्हे, नाक मुरडायला.

"शिळं," त्या म्हणायच्या. "समदं शिळं. माझा ल्योक असलं गारढोण खानार व्हय?"

"आत्या, तुमी कुरडया, सांडगं घालता, ते वरीसभर खातो आपण. ते काय असतंय?"

"ते वाळवण."

"मग हे गोठवण."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड नेलं. मला मात्र हसू येत नव्हतं. या घरात शिळं कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? रात्री उरलेली भाकरी सकाळी कुणाच्या ताटात जाते? वीस-बावीस वर्षं मी चहात शिळी भाकरी बुडवून खाल्ली, तेव्हा कुणाला तिचा शिळेपणा दिसला नाही. बाप्याच्या ताटात आठ दिवसांपूर्वीची आमटी जाणार म्हटल्यावर घराण्याची रीत आठवली. हे मी आत्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी बी शिळंच खात आले की." आणि उठून गेल्या.

बारामतीतलं ते हॉस्पिटल मुलीच्या कॉलेजच्या पाठीमागे निघालं. मी मुद्दाम निवडलं नव्हतं. वॉर्डच्या खिडकीतून कॉलेजची पाण्याची टाकी दिसायची. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी त्या टाकीकडे बघत बसले होते. मला भीती वाटत होती. पोरीला एकदा बोलवावं, तिचा हात धरावा, असं इतकं वाटत होतं की मी फोन दोनदा उचलून खाली ठेवला. तिचा नेहमीचा फोन आला तेव्हा मी जिन्यात जाऊन बोलले. मागून कुणाच्या तरी खाटेची बेल वाजली.

"आई, कसला आवाज आहे?"

"गिऱ्हाइकाकडं आले माप घ्यायला. त्यांची दाराची बेल."

"एवढ्या वेळा?"

"पाव्हणं हायत त्यांच्याकडं. तू अभ्यास कर."

फिजिक्सचा पेपर बरा गेला, म्हणाली. मी म्हटलं, बरा नको, चांगला पाहिजे. ती चिडली आणि तिने फोन ठेवला. चिडलेली होती म्हणजे अभ्यासात होती, मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं आणि म्हशींसाठी नवरा घरी परतला. पहिले दोन दिवस गुंगीतच गेले. घरून नवऱ्याचा फोन यायचा. मटकी गरम केली, खाल्ली. शेंगोळी केली, म्हणजे गरम केली, खाल्ली. आत्याही खातात, कुरकुरत नाहीत. मी डोळे मिटून त्या लाल फ्रीजरचा विचार करायचे आणि मला फार समाधान वाटायचं. खोटं कशाला बोलू, गर्वच वाटायचा.

तिसऱ्या दिवशी होळीची पौर्णिमा होती आणि त्याच दिवशी चंद्रग्रहण होतं. मी अस्तराच्या पट्ट्यांवर सगळे वार लिहिले होते, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात ग्रहण बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला नवऱ्याचा फोन आला. तो नुसता खाकरत राहिला.

"काय झालं? म्हस आडली का?"

"न्हाय. डबं."

"डब्यांचं काय?"

"समदं पाणी झालंय."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. आमच्याकडे नेम आहे, ग्रहणाचे वेध लागायच्या आत शिजवलेल्या अन्नात तुळशीचं पान घालायचं. नाही घातलं तर ग्रहण सुटल्यावर ते अन्न टाकून द्यायचं. नवरा सकाळी उसाच्या फडात गेलेला. आत्यांनी विचार केला, फ्रीजरमध्ये पासष्टातले अजून छप्पन्न डबे शिजवलेलं अन्न आहे. पान नाही घातलं तर सगळं जाणार. म्हणून त्यांनी एक डबा काढला. झाकण गोठून घट्ट बसलेलं. थरथरत्या हाताने ते निघेना. मग त्यांनी तेच केलं जे या भागातली कुठलीही बाई फाल्गुनातल्या उन्हात करेल. अंगणात जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडया वाळत घालतात तसे सगळे छप्पन्न डबे आणि वाटणाच्या पिशव्या एकेक करून उन्हात मांडल्या. झाकणं सैल व्हावीत म्हणून.

झाली. झाकणं सैल झाली. आत्यांनी प्रत्येक डब्यात एकेक पान घातलं, त्यासाठी वृंदावनातली तुळस जवळजवळ बोडकी केली. फ्रीजरला छप्पन्न खेपा घालून, उन्हात बसून त्यांना चक्कर आली. गोळी घेऊन जरा आडव्या झाल्या त्या झोपल्याच. नवरा आला तेव्हा रस्सा कोमट झालेला होता आणि वाटणाच्या पिशव्यांवर माश्या बसल्या होत्या.

मला ओरडायचं होतं. पण पोटाला टाके, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ओरडता येत नसल्यावर माणसाचा राग कुठे जातो कुणास ठाऊक, माझा डोळ्यांतून गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नर्सला हाक मारली. मी तिला हातानेच नको म्हटलं.

"परत फ्रीजरात भरू का?" नवऱ्याने विचारलं.

"भरू नका. एकदा वितळलेलं परत गोठवायचं न्हाय. पोटं बिघडतील."

"मग काय करू? पोरीला आता..."

"तिचं नाव काढू नका." मी हे एवढ्या जोरात म्हटलं की टाक्यातून कळ आली. "आपल्या फडात टोळी हाय का अजून?"

"हाय."

"समदं त्यांच्या कोप्यांवर न्या. आत्ताच्या आत्ता न्या, ते लगेच खातील असं बघा. खराब वास येतोय ते न्यायचं न्हाय."

ऊसतोडीची टोळी आमच्याच रानात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून उतरली होती. नवऱ्याने डबे ट्रॉलीत घालून नेले. ती माणसं दिवसभर तोड करून आलेली, त्यांनी ग्रहण लागायच्या आत सगळं संपवलं. संध्याकाळी डबे घासून पालथे घालून परत आले. माझी आठ दिवसांची मेहनत कुणाच्या तरी पोटात गेली, हे बरंच झालं. पण ते बरं झालं असं वाटायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्या संध्याकाळी आत्या फोनवर आल्या. आधी नुसत्या हुंदके देत होत्या.

"चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "नातीचं पेपर हायत. तिच्यासाठी तू केलं हुतंस. म्हनलं, गिराणात वाया जायला नगं."

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, आत्यांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आणि कधी ऐकला, तर जी सासू आठ दिवस शिळं शिळं करत होती, तिने तेच शिळं वाचवायच्या नादात घालवलं होतं तेव्हा. मला त्यांच्यावर रागावता येईना. याचासुद्धा मला राग आला.

"आत्या, रडू नगा. ह्यांच्याकडं फोन द्या," मी म्हटलं, आणि नवऱ्याला सांगितलं, "उद्या धुळवड हाय. फडाला सुट्टी. उद्या तुमी फ्रीजर भरायचा."

"मी?"

"मग कोण? आत्या सांगतील, मी फोनवर बघीन. तुमी करायचं."

मला वाटलं आता म्हणेल, मला नाही जमत. तो म्हणाला, "कांदं किती लागतील?"

धुळवडीला आमच्या भागात घराघरात मटण शिजतं आणि बापे जेवायची वाट बघत बसतात. त्या दिवशी आमच्या घरात एक बाप्या विळीवर कांदे चिरत बसला होता. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मी वॉर्डातल्या खाटेवरून बघत होते आणि वॉर्डातल्या आणखी चार बाया माझ्या खांद्यावरून बघत होत्या. आत्या खुर्चीवर. "तेल तापू दे. आरं तापू दे म्हनलं की. मोहरी आत्ता न्हाय." पहिलं वाटण करपलं. दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं. वॉर्डातल्या एका म्हातारीने तर माझ्या हातातून फोन घेऊन त्याला परस्पर सांगितलं, "दादा, आच कमी कर." नर्स आली आणि सगळ्यांना आपापल्या खाटेवर हाकललं.

दुपारी त्याचे दोन मित्र रंगलेल्या तोंडाने त्याला बोलवायला आले. ते मी फोनवरच ऐकलं.

"काय रं, बायको दवाखान्यात आन तू पोळपाटावर?"

"व्हय. मसाल्याचा डबा दे हिकडं," हा म्हणाला. "आन ग्लास बाहेर ठिवा, आत आई हाय."

मित्राने मसाल्याचा डबा दिला. मग दोघंही तिथेच बसले आणि लसूण सोलायला लागले, हे मला आत्यांनी नंतर सांगितलं. माझा त्यावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. संध्याकाळपर्यंत वीस डबे झाले. चपात्या नकाशासारख्या झाल्या, पण झाल्या.

पाचव्या दिवशी मला घरी सोडलं. मग रोज सकाळी मी पोटाला पट्टा बांधून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायचे आणि नवरा धारा काढून आल्यावर एक भाजी जास्तीची करून डब्यात भरायचा. रविवारी हॉस्टेलवर तोच डबा घेऊन जायचा. पोरीचा फोन आला.

"आई, मटकी अशी का लागतेय? मीठ केवढं!"

"हात जड झालाय माझा. वय झालं."

"आणि चपाती केवढी जाड. बरी आहेस ना तू?"

"बरी हाय. केमिस्ट्रीचं बघ तू."

मी फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "मीठ खरंच जास्त झालं हुतं का?" एवढा पडलेला चेहरा मी त्याचा उसाची तोड उशिरा आली तेव्हाही बघितला नव्हता.

नणंद आली ती नेमकी एका सकाळी, भाऊ डोळ्यांतून पाणी काढत कांदे चिरत असताना. ती दारातच थबकली. पिशवी खाली टाकली आणि गळा काढला. "माज्या भावावर काय येळ आली! घरात लेक असून बापानं कांदं चिरायचं?" आणि मोबाइल काढला. "मीच फोन लावते तिला. आईला दिसत न्हाय तर सख्ख्या आत्यानं तरी सांगावं."

मला खुर्चीतून पटकन उठता येत नव्हतं. तिच्या हातातला मोबाइल माझ्यापासून चार हातांवर होता आणि पोरीचे दोन पेपर राहिले होते. "वन्सं, लावाच फोन," मी म्हटलं. "ती हितं आली, तर मी टाके तुटले तरी तिला हाताला धरून हॉस्टेलात परत नेऊन सोडीन. मग लोकांना काय सांगायचं ते तुमी सांगा." ती तरीही नंबर शोधत राहिली.

आत्या उठल्या. थरथरत्या हाताने त्यांनी स्वतःच्या लेकीच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला. "तुला चौथीतनं मीच काढली," त्या म्हणाल्या. "भाकरीपायी काढली. आता बस हितं गप, जेवून जा." नणंद बसली. भावाने केलेली आमटी जेवली. चांगली झाली म्हणाली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. जाताना आत्यांनी मोबाइल परत दिला तेव्हा तिने तो पिशवीत अगदी तळाशी ठेवला.

शेवटचा पेपर झाला आणि मुलगी दुपारच्या गाडीने घरी आली. तिने मला खुर्चीवर बघितलं, पट्टा बघितला, वडिलांना परातीपुढे बघितलं. मी काही बोलायच्या आत आत्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन आठवडे पोटात ठेवलेलं त्यांना आणखी धरवलं नाही.

"कुठल्या हॉस्पिटलात?" मुलीने विचारलं.

मी सांगितलं.

"ते आमच्या मेसच्या मागं आहे." तिने बॅग खाली ठेवली. "मी रोज तिथनं चहाला जात होते, आई. रोज. तू वर होतीस आणि मला सांगितलं नाहीस?"

"न्हाय सांगितलं."

"तुला काही झालं असतं तर?"

ती रडत होती आणि मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती जवळ येईना. परातीपाशी नवरा हातातलं पीठ झटकत नुसता उभा होता.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

"आले असते. लगेच आले असते."

"आन पेपर?"

"पेपरचं काय एवढं? पुढच्या वर्षी दिले असते."

तिने हे अगदी सहज म्हटलं. कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं, तरी तिला ते येत होतं. मी खुर्चीचा हात धरून उभी राहिले. दुखलं. दुखू दिलं.

"मी बी पुढच्या वर्षीच देणार हुते," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. आईची बारावी राहिली, एवढंच तिला आजवर माहीत होतं. का राहिली ते तिने कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. तिला ते आपोआप कळलं असावं, कारण तिचं रडणं थांबलं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी परत बारामतीला निघाली. एसटीत बसल्यावरही तिने खिडकीतून हात केला नाही, वडिलांना केला. मी तिची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही. परत वेळ आली तर परत असंच करीन. माझ्यावर रुसलेली, पण सगळे पेपर दिलेली मुलगी मला चालते.